ज्याचं रान त्याची काडी

भागीरथाबाईंनी भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि त्यांना जळका वास आला. स्वतःची चूल त्यांनी सकाळीच विझवून वर पाणी शिंपडलं होतं. होळीनंतरच्या दिवसांत या बाजूला चूल धगधगती सोडून जाणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर बेअक्कल. वास वाळलेल्या सागपानांचा होता. तुकडा ताटलीत टाकून त्या झोपडीबाहेर आल्या.

पश्चिमेला जमुनाच्या रानावर धूर उभा होता. खाली पिवळट, वर काळा. वारा तिकडूनच इकडे येत होता.

त्यांच्या मनात पहिला शब्द आला तो ‘जळू दे.’ भागीरथाबाई आपल्या आवडत्या आहेत म्हणून ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वर्षभर त्या जमुनाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या, आणि वर्षभर राग जपून ठेवणं हे काही सोपं काम नसतं. त्याला रोज खतपाणी घालावं लागतं. ते त्यांनी इमानेइतबारे घातलं होतं.

पण दुसऱ्या क्षणी पाय चालू लागले होते. झोपडीसमोरच्या बेहड्याच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, बंद पडलेल्या छोट्या रेल्वेचा. भागीरथाबाईंनी खालचा लोखंडी दांडा उचलला आणि हात भरून येईपर्यंत ठोकला.

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणारा रस्ता जिथे चढायला लागतो, त्याच्या अलीकडे डाव्या हाताला हे बरड. नुसते गोटे. इथे कपाशी येत नव्हती, तूर येत नव्हती, आणि आलेली ज्वारी पाखरंसुद्धा उपकार म्हणून खात. भागीरथाबाईंचे मालक पुंजाजी यांनी इथे साग लावला तेव्हा सगळं गाव हसलं होतं. “नातवाच्या लग्नाले मांडव लावून राहिला का रे पुंजाजी?” असं पारावर विचारलं की पुंजाजी म्हणत, “हो, अन् तुले वाढप्या म्हनून बोलावतो.” साग मात्र आला. मग हसणाऱ्यांपैकी तिघांनी गुपचूप शेजारच्या बरडात साग लावला. पश्चिमेला जमुना आणि तिचा जीप चालवणारा नवरा. पूर्वेला शाळामास्तर देवानंदचा बाप, आता देवानंद. त्याच्या पलीकडे पंजाबराव वकील, जे अमरावतीची वकिली सोडून म्हातारपणी इथे राहायला आले. पंजाबरावांना लागून गुरांचे गोठे आणि मजुरांची दहा-बारा घरं.

अशी चार घरं, चार तऱ्हेची. एरवी एकमेकांच्या पंगतीला बसली असती की नाही, सांगता येत नाही. पण झाडांनी त्यांना एका चुलीवर जेवायला लावलं होतं. दर वर्षी होळीच्या आधी इर्जिक असायची. म्हणजे एकाच्या कामाला सगळ्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, ज्याचं काम त्यानं जेवू घालायचं. आठवडाभरात चारही रानांच्या धुऱ्यांवरचं, म्हणजे बांधांवरचं, गवत खरवडून, पाला ओढून, बैलगाडी जाईल एवढा पट्टा मोकळा करायचा. त्याला जाळपट्टा म्हणत. आग आलीच तर तिथे तिला खायला काही मिळत नसे.

आणि दोन नियम होते, दोन्ही पुंजाजींचे. पहिला, रूळ वाजला की यायचं, मग भांडण असो की सुतक. दुसरा जास्त अवघड होता. बाकीची रानं वाचवायला कुणाचं रान समोरून पेटवून द्यायची वेळ आली, तर ती काडी त्या रानाच्या मालकानंच ओढायची. दुसऱ्यानं ओढायची नाही आणि ओढ म्हणूनही सांगायचं नाही. ज्याचं रान त्याची काडी. एका गावात शेजाऱ्यानं न विचारता अशी आग लावली, गाव वाचलं, आणि ती दोन घरं पुढे तीन पिढ्या एकमेकांची तोंडं पाहत नव्हती. पुंजाजींनी ते लहानपणी पाहिलं होतं.

इतकी वर्षं दुसऱ्या नियमाची गरज कधी पडली नव्हती.

देवानंद सायकल टाकून पळत आला. शाळा सकाळची होती म्हणून बरं. त्याच्यामागे त्याची बायको ललिता, हातात पळसाच्या पानभरल्या फांद्यांचा भारा. पंजाबराव धोतराचा काचा मारून आले, आणि मजुरांच्या घरांतले पाच-सात जण. सगळे पश्चिमेच्या धुऱ्याकडे निघाले, तेवढ्यात समोरून जमुनाच आली, एकटी; नवरा जीप घेऊन भाड्यावर गेला होता. पदराचं टोक जळालं होतं, तोंड काळं झालं होतं, आणि तिच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे ती पळत होती की पडत होती ते कळत नव्हतं.

“मोहाखालचा पाला,” ती म्हणाली. “मी काडी लावली. थोडासाच होता व. इझवला होता मी. वर माती टाकली होती. मुयातून इस्तो धगत माह्या रानात निंगाला असन.”

मोहाची फुलं पहाटे गळतात. झाडाखाली पाला असला की फुलं वेचता येत नाहीत, म्हणून आळशी माणूस पाला पेटवतो आणि शहाणा झाडतो. हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं, आणि जमुना आळशी कधीच नव्हती. तिच्या आणि भागीरथाबाईंच्या मधल्या धुऱ्यावरच्या या मोहाखालचा पाला ती दर वर्षी झाडायची. फक्त एकटी झाडत नसे. एक खराटा तिचा, एक भागीरथाबाईंचा. पहाटे दोघी मिळून झाडायच्या, जमुनाला वाकवत नसे म्हणून भागीरथाबाई खालून ओढायच्या आणि जमुना टोपलीनं वाहून टाकायची. फुलं टोपलीगणिक अर्धी अर्धी. झाड कुणाच्या बाजूला जास्त कललंय हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका लग्नात जमुना बोलून गेली की पुंजाजींनी साग लावताना धुरा हातभर सरकवला होता. चार बायकांत, हसत हसत. पुंजाजींना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर बोलणं सोपं असतं. भागीरथाबाई ताटावरून उठल्या त्या उठल्याच.

“उभे काय राहिले, चाला!” देवानंद ओरडला.

आग धुऱ्याच्या पलीकडे होती. उंच नव्हती, गुडघ्याएवढी, पण रुंद होती आणि पालापाचोळ्यावरून सरपटत येत होती. सागाचं वाळलेलं पान सुपाएवढं असतं. ते पेटलं की वारा ते उचलतो आणि पुढे नेऊन ठेवतो. सगळ्यांनी फांद्या मारायला सुरुवात केली. एका बाजूनं विझवत आणावं तर दुसऱ्या बाजूनं पान उडे. पंजाबरावांना ठसका लागला, तरी ते हटले नाहीत. देवानंदनं परतवाड्याला फोन लावला, दोनदा तुटला, तिसऱ्यांदा लागला. बंब दुसऱ्या गावी गेला होता, आल्यावर पाठवतो म्हणाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय आला असता तरी त्या गोट्यांतून वर चढला नसता.

धुऱ्यावर जाळपट्टा असता तर एवढी माणसं पुरली असती. तीन बाजूंचे पट्टे स्वच्छ होते. पण जमुना आणि भागीरथाबाईंच्या मधला यंदा केलेलाच नव्हता. तिथे कमरेएवढं कुसळीचं गवत उभं होतं. होळीच्या आधी देवानंद विचारायला आला होता, “मावशी, तुमच्या दोघींच्या धुऱ्याचं कसं?” तेव्हा भागीरथाबाईंनी फटकन म्हटलं होतं, “आमचा धुरा आमी पाहू. तू तुह्या पोट्ट्यायले पाढे शिकव.” तो मुकाट गेला होता. दोघींनीही धुरा पाहिला नव्हता. ती आली तर मी जाणार नाही, असं दोघीही मनात म्हणत राहिल्या, आणि गवत वाढत राहिलं.

आग त्या गवताला भिडली आणि माणसाच्या डोक्यावर गेली. आता फांदी घेऊन पुढे उभं राहण्यात काही अर्थ नव्हता. “मागे या! गाडीवाटेवर या!” देवानंद ओरडला, आणि सगळे भागीरथाबाईंच्या रानात शिरून पळत सुटले.

गाडीवाट त्यांच्या रानाच्या मधोमध जाते. वाटेच्या पूर्वेला पुंजाजींनी लावलेला जुना साग, कवेत न मावणारा. पश्चिमेला, म्हणजे आगीच्या बाजूला, नवा साग. पुंजाजी गेल्यावर भागीरथाबाईंनी स्वतःच्या हातांनी लावलेला. दिवस काढायचे होते आणि काय करावं ते कळत नव्हतं, म्हणून त्यांनी खड्डे खोदले होते. मुलगा प्रीतम अमरावतीहून येऊन म्हणाला होता, “आई, हे झाडं तोडायच्या वक्ताले तू राहशील का?” त्यांनी पुढचा खड्डा खोदायला घेतला होता. गेला उन्हाळाभर त्यांनी खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून ती रोपं जगवली होती. आता ती त्यांच्यापेक्षा उंच झाली होती, सरळ, अंगठ्यापेक्षा थोडी जाड. जुन्या झाडाला जमिनीवरची आग चाटून जाते, मारत नाही. एवढ्या रोपाला ती ठेवत नाही.

वाटेवर सगळे थांबले. वाट अरुंद होती. वारा असाच राहिला तर पेटलेली पानं ती सहज ओलांडणार, आणि मग जुना साग, देवानंदचं रान, पंजाबरावांचं रान, गोठे, घरं. हे सगळ्यांना दिसत होतं. उपायही सगळ्यांना दिसत होता. वाटेच्या कडेनं नवा साग इकडूनच पेटवून द्यायचा, म्हणजे आग येईल तेव्हा तिच्यापुढे काळी राख असेल. वाट पाठीशी होती आणि राखायला माणसं होती. वेळ मात्र फार नव्हता.

पण कुणी तोंड उघडलं नाही.

पंजाबराव, ज्यांनी जन्मभर कोर्टात बोलण्याचे पैसे घेतले, ते चपलेतला गोटा काढत बसले. ललितानं मजुरांच्या घरांतल्या पोरींना मागे घ्यायच्या निमित्तानं तोंड वळवलं. देवानंदच्या खिशात काडेपेटी होती. ती त्यानं काढली, पुढे केली नाही, वाटेवरच्या एका दगडावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. पलीकडून आगीचा आवाज येत होता, आणि अधूनमधून बांबूची पेरं फुटत होती.

भागीरथाबाई त्या काडेपेटीकडे पाहत राहिल्या. त्यांना राग आला होता. जमुनाचा आला, देवानंदचा आला, आणि सगळ्यांत जास्त पुंजाजींचा आला. नियम करून ठेवले आणि स्वतः निघून गेले.

“वारा पडन,” त्या म्हणाल्या. “दुपार उलटली का वारा पडते.”

सगळे आगीकडे पाहत राहिले.

“पडते का नाई? बोला ना. तोंडं शिवली का तुमची?”

“मावशी,” देवानंद म्हणाला आणि थांबला. त्याच्या मागे त्याचं रान होतं. त्याच्या बापाची ती एवढीच कमाई होती. तरी तो बोलला नाही. होळीआधी मी विचारायला आलो होतो, एवढं तरी तो म्हणू शकला असता, आणि ते खरंच होतं. त्यानं ते म्हटलं असतं तर भागीरथाबाईंना भांडता आलं असतं. ते न म्हटल्यामुळे त्यांच्याकडे भांडायला कुणी उरलं नाही.

जमुना खाली बसली होती. ती उठली आणि दगडाकडे आली.

“माह्यी चूक हाय,” ती म्हणाली. “मी लावतो. काय पाप लागायचं ते मले लागू दे.”

“हात लावू नको!” भागीरथाबाई कडाडल्या. वर्षभरातलं हे पहिलं वाक्य. “रान माह्यं हाय. काडी माह्यी हाय. तू कोन लागून गेली?”

त्यांनी काडेपेटी उचलली आणि वाट ओलांडून कडेच्या पाल्यापाशी गुडघे टेकले. समोरच एक रोप होतं, पहिल्या ओळीतलं. लावताना त्याचा शेंडा मोडला होता, तरी ते जगलं होतं. त्याच्याकडे पाहायचं नाही असं ठरवून त्यांनी काडी ओढली. वाऱ्यानं ती विझली. दुसरी ओढली. ती पेटीवर नीट लागलीच नाही, मोडली. तिसरीही विझली. पलीकडे पहिलं पेटलेलं पान नव्या सागाच्या आत येऊन पडलं, आणि मागे कुणाच्या तरी तोंडून “बाप्पा!” असं निघालं.

“मले जमून नाई राहिलं,” भागीरथाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या हे त्यांना तेव्हा कळलं.

तेवढ्यात त्यांच्या दोन्ही बाजूंनी हात आले. काळे, पोळलेले, डाव्या अंगठ्याला फोड आलेला. जमुनानं त्यांच्यामागे बसून आपल्या ओंजळीत त्यांचे हात झाकले. काडीला तिनं हात लावला नाही. नुसता आडोसा केला.

“आता वढ,” ती म्हणाली.

चौथी काडी पेटली.

पाल्यानं आग लगेच घेतली. देवानंदनं पेटता पलिता करून दोन्ही बाजूंना नेला, आता त्याला मनाई नव्हती. सगळे वाटेवर फांद्या घेऊन उभे राहिले आणि मागे उडणारी प्रत्येक ठिणगी बडवू लागले. त्यांची आग आधी वाऱ्याविरुद्ध कुथत कुथत पुढे सरकली. मग मोठी आग जवळ आली तशी ती तिच्याकडे ओढली गेली. दोन्ही आगी भिडल्या, ज्वाळा झाडांच्या वर गेल्या, आणि मग खायला काही उरलं नाही म्हणून खाली बसल्या. तेवढ्या वेळात भागीरथाबाईंनी एकही रोप मोजलं नाही. त्या फांदी मारत राहिल्या.

संध्याकाळी वारा पडला.

बंब आला, पण डांबरी रस्त्यावरच थांबला. त्यातल्या माणसांनी चढून येऊन धुमसणारी खोडं पाहिली, मान डोलावली. पंजाबरावांनी सगळ्यांना चहा केला. भागीरथाबाईंनी तो घेतला आणि एकट्याच झोपडीत जाऊन बसल्या. जमुना केव्हा गेली ते त्यांनी पाहिलं नाही.

आता इथे दोघींनी गळ्यात गळे घातले असं सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. धुऱ्यावरचा मोह वाचला होता. त्यानंतर कितीतरी पहाटे त्याची फुलं काळ्या राखेवर टपटपत राहिली. जमीन इतकी स्वच्छ होती की खराट्याची गरज नव्हती, नुसतं वेचायचं होतं. तरी एकही बाई तिथे आली नाही. फुलं तिथेच सुकली आणि रानडुकरांची चैन झाली. भागीरथाबाई गाडीवाटेवर येत, जळक्या काटक्यांच्या रांगा पाहत आणि परत जात. प्रीतम येऊन गेला. “अमरावतीले माह्या घरी चाल,” म्हणाला. त्या म्हणाल्या, “पाहू.” त्याआधी त्या कधीच ‘पाहू’ म्हणाल्या नव्हत्या, लगेच ‘नाई’ म्हणत. प्रीतमला त्या ‘पाहू’ची भीती वाटली आणि त्यानं ते देवानंदच्या कानावर घातलं.

मे संपत आला तेव्हा एका सकाळी रूळ वाजला.

भागीरथाबाई दचकून बाहेर आल्या. आधी त्यांनी चारही बाजूंना पाहिलं. धूर कुठेच नव्हता. बेहड्याखाली देवानंद दांडा घेऊन उभा होता. मागून पंजाबराव, ललिता, मजुरांच्या घरातली माणसं. सगळ्यांच्या हातात कुऱ्हाडी आणि कोयते. ललिताच्या डोक्यावर पिठाची परात होती.

“काय झालं रे? कुठी लागली?”

“कुठीच नाई. इर्जिक हाय.”

“कोनाची? मी नाई बोलावली.”

“नाई बोलावली म्हनूनच रूळ वाजवला,” देवानंद म्हणाला. “मावशी, सागाचं मूय मरत नाई. तुमीच मले सांगतलं होतं. जयलेलं रोप जमिनीबरोबर कापलं का पावसात नवा फुटवा येते, अन् जुन्यापेक्षा सिदा येते. पाऊस पंधरा दिवसांवर हाय. एकट्यानं हे काम होते का?”

“अन् जेवन?”

“ते बी आनलं. तुमी फक्त चूल द्या.”

भागीरथाबाईंनी आतून कुऱ्हाड आणली आणि पुढे निघाल्या. इर्जिकीत पहिला घाव मालकाचा. तोही पुंजाजींचाच रिवाज.

गाडीवाटेवर पोचल्यावर त्यांना जमुना दिसली. ती सगळ्यांबरोबर आली नव्हती. आपल्या रानातून येऊन मोहाखाली उभी होती, धुऱ्याच्या पलीकडे, पाऊल अलीकडे न टाकता. हातात कोयता होता. रूळ वाजला की यायचं, म्हणून आली होती. पण आत यायचं की नाही, हे नियमात सांगितलेलं नव्हतं.

सगळे थांबले. पंजाबरावांनी पुन्हा चपलेतला गोटा काढायला घेतला.

भागीरथाबाई जळक्या रोपांमधून चालत मोहापर्यंत गेल्या. साडीला काजळी लागली. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. जमुनाच्या डाव्या अंगठ्यावर फोडाचा गुलाबी डाग होता.

“धुऱ्यावर काहून उभी हायेस?” भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांनी कुऱ्हाड दांड्याकडून पुढे केली. “पयला घाव तू घाल.”

जमुना मागे सरली. “नाई व. रान तुह्यं हाय. तुहाच मान हाय.”

“त्या दिवशी हात घातला तवा इचारलं होतं का मले?”

जमुनानं त्यांच्याकडे पाहिलं. मग कोयता खाली ठेवला, कुऱ्हाड हातात घेतली आणि धुरा ओलांडून अलीकडे आली. गुडघ्यामुळे तिला वाकवत नव्हतं, म्हणून भागीरथाबाईंनी एका हातानं तिचा दंड धरला आणि दुसऱ्या हातानं पहिलं जळकं रोप वाकवून धरलं.

“बुडातून काप,” त्या म्हणाल्या. “वर ठेवलं का वाकडं येते.”